दुधाने पोट बिघडतंय? पिशवी बदलण्याआधी पेला बदलून बघा

लक्षणं आधी सांगते. सकाळी साडेसातला पेलाभर दूध. सव्वाआठच्या सुमाराला पोटात गुरगुर. मग गुबारा धरतो, पोट नगाऱ्यासारखं तट्ट, बेंबीभोवती मुरडा. नऊला अभ्यासिकेतल्या एकुलत्या एका संडासासमोर आमचं पोर पाय बदलत उभं. शौचाला पातळ, फेसाळ, आंबूस वासाचं. एकदोनदा जाऊन आलं की दुपारपर्यंत माणूस ठणठणीत, वर कडकडून भूक लागलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला, पुन्हा तेच.

काहींना जुलाब होतच नाहीत, नुसती मळमळ आणि फुगारा. काहींना अर्ध्या तासात कळतं, काहींना दोन-तीन तासांनी, आणि मग सगळा दोष दुपारच्या मटकीच्या उसळीवर जातो.

नारायण पेठेत माझी मेस आहे. सोळा वर्षं झाली. एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली, बहुतेक मराठवाड्या-विदर्भातली. निघताना घरून बजावलेलं असतं, ‘दूध सोडू नकोस.’ म्हणून दोन वेळच्या जेवणासोबत सकाळचं दूधही लावतात. नवी बॅच आली की पंधरा दिवसांत कुणीतरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणतं, “काकू, दूध बंद करता का? इथलं दूध बाधतंय.” ‘इथलं’ म्हणजे पुण्याचं, पिशवीचं. मग म्हशीचं सोडून गायीचं, गायीचं सोडून देशी गायीचं बाटलीतलं, शेवटी बदामाचं खोकं. पैसे संपतात, गुरगुर तशीच.

आमच्या यजमानांचं पोटही त्यातलंच, त्यामुळे हा प्रकार मी आधी घरात निस्तरला आणि मग मेसमध्ये. मी डॉक्टर नाही. पण हा बिघाड इतक्यांदा पाहिलाय की कुठल्या क्रमाने तपासायचं ते पाठ झालंय. फुकटचे उपाय आधी, महागाचे नंतर, आणि एका ठिकाणी थांबायचं.

आधी हे वगळा

दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घसा आवळतो, श्वासाला घरघर लागते, लगेच उलट्या होतात, असं असेल तर पुढचं काही वाचू नका. ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तिथे ‘थोडं पिऊन बघू’ चालत नाही, चमचाभरही पुरतं. आणि श्वास लागत असेल तर सरळ जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा.

मी इथे बोलते आहे ते दुधातली साखर न पचण्याबद्दल. दोन्हींत गल्लत करणारे रोज भेटतात. ‘मला मिल्क ॲलर्जी आहे’ म्हणत वाटीभर श्रीखंड खाणाऱ्याला ॲलर्जी नसते.

होतं काय नेमकं

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती आहे तशी रक्तात जात नाही, तिचे आधी दोन तुकडे व्हावे लागतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ते तुकडे करणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असतं. तान्ह्या बाळात भरपूर, कारण आईचं दूध हेच त्याचं सगळं अन्न. वय वाढतं तसं बहुतेकांत ते कमी होत जातं. जगातल्या साधारण दोनतृतीयांश मोठ्या माणसांचं हेच होतं, म्हणजे हा रोग नव्हे. “पण मी लहानपणी तांब्याभर प्यायचो!” हे वाक्य मला दरवर्षी ऐकावं लागतं. प्यायचास बाबा. तेव्हा विकर होतं.

न तुटलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते. ती पाणी ओढून घेते, म्हणून पातळ होतं. तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनसुद्धा तयार करतात, म्हणून फुगतं. विकर थोडं का होईना, बहुतेकांकडे शिल्लक असतं. त्यामुळे ‘दूध कुठलं’ हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी विचारते ते एवढंच: एका वेळी किती लॅक्टोज खाली उतरतं आणि किती वेगाने.

पहिली तपासणी: दुधानेच होतंय ना? (खर्च शून्य)

आठ दिवस लिहून काढा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच चौकोनात. किती वाजता, काय, किती, आणि पोट कधी बिघडलं. मोबाइलमध्ये लिहिणारे तिसऱ्या दिवशी विसरतात, हा माझा अनुभव.

हे का करायचं? कारण कधीकधी चोर दुसराच निघतो. एका मुलीचं पोट रोज बिघडायचं आणि ती रोज दूध प्यायची, म्हणून दूध. लिहिल्यावर कळलं की दूध रविवारी पीत नाही आणि त्रास रविवारीही होतो. दिवसभर जागं राहायला ती शुगरफ्री च्युइंगम चघळायची. त्यात सॉर्बिटॉल हा साखरेऐवजी घातलेला गोडवा असतो, तो पोटात जवळजवळ लॅक्टोजसारखाच वागतो. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत मेटफॉर्मिनची गोळी निघाली. मधुमेहाच्या त्या गोळीने अनेकांना जुलाब होतात. ती त्यांनी सकाळच्या दुधाबरोबरच घ्यायला सुरुवात केली होती, आणि बदनाम झालं दूध. अर्थात गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. त्यांनी प्रकार बदलून दिला.

लिहिताना लपलेलं दूधही धरा. चहाचं तयार प्रीमिक्स, क्रीमची बिस्किटं, मिल्क ब्रेड, पाकिटातलं सूप. वेष्टनावर ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ‘स्किम्ड मिल्क पावडर’ असं असतं. दुधाच्या पावडरीत निम्म्याच्या आसपास वजन लॅक्टोजचं असतं. आणि जिमला जाणाऱ्यांनो, तुमच्या प्रोटीन पावडरच्या डब्यावर ‘व्हे कॉन्सन्ट्रेट’ लिहिलंय का बघा. त्यात लॅक्टोज राहतं, ‘आयसोलेट’मध्ये अगदी थोडं. दूध सोडून पाण्यातून प्रोटीन घेणारा आमचा एक पैलवान महिनाभर मला दोष देत होता.

दुसरी तपासणी: किती आणि कशाबरोबर (तरीही खर्च शून्य)

मेसमधल्या दहातल्या सात-आठ तक्रारी माझ्याकडे इथेच मिटतात, म्हणून जरा निवांत सांगते.

माझा मेसचा स्टीलचा पेला २५० मिलीचा. त्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज. ज्यांना साखर पचत नाही असे बहुतेक लोकही एका वेळी एवढं सोसू शकतात, फारसा त्रास न होता. पण हा आकडा काठावरचा आहे आणि तो जेवणाबरोबर घेतला तर जास्त खरा ठरतो. उपाशीपोटी, एका दमात, घाईत? मग नाही.

नांदेडकडचा एक मुलगा होता. घरी म्हैस, दुधात वाढलेला, आणि इथे महिनाभर हैराण. मी विचारलं, “घरी दूध कधी प्यायचास?” म्हणाला, “रात्री, काकू.” कसं? तर भाकरी कुस्करून, वर दूध ओतून, चुरून. म्हणजे जेवणाच्या शेवटी, वाटीभर, आणि सोबत ज्वारीची अख्खी भाकरी. इथे तेच पोरगं सकाळी दात घासून रिकाम्या पोटी पेला घशात ओतून सायकलला टांग मारत होतं. दूध बदललंच नव्हतं. पद्धत बदलली होती. रात्रीच्या जेवणात दूध-भाकरी सुरू केली, चौथ्या दिवशी कुरकुर बंद. पिशवी तीच.

अन्न सोबत असलं की जठर सावकाश रिकामं होतं. लॅक्टोज लहान आतड्यात थेंबाथेंबाने उतरतं आणि उरलंसुरलं विकर तेवढं सांभाळून घेतं. आडव्या पावसात छत्री उलटते, रिपरिपीत तीच छत्री पुरते.

तर असं करा. चार दिवस दूध पूर्ण बंद. पोट शांत झालं की दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर अर्धी वाटी. तीन दिवस तेवढंच. ठीक असेल तर एक वाटी. जिथे गुरगुर सुरू होते त्याच्या एक पायरी खाली थांबा, ती तुमची मर्यादा. रोज थोडं घेत राहिलं की काही आठवड्यांत मोठ्या आतड्यातले जिवाणूही त्याला सरावतात, म्हणून ‘कायमचं बंद’ हा उपाय मला आवडत नाही.

चहाचं काय? अमृततुल्यचा एक कटिंग म्हणजे जेमतेम ४०-५० मिली दूध, दोन-अडीच ग्रॅम लॅक्टोज. एकाने कुणाचं पोट बिघडत नाही. दिवसाला आठ होत असतील तर बोलू. आणि चहाने सकाळी जी घाई होते तिच्यात कॅफीनचा हातही असतो, सगळं दुधावर ढकलू नका.

तिसरी तपासणी: दूध कुठल्या रूपात (खर्च विरजणाचा)

दूध नको म्हणजे दुधाचं सगळंच नको, असं नाही.

दही लागताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग, साधारण पाव हिस्सा, आंबवून टाकतात. पण खरी गंमत पुढे आहे. जिवंत दह्यातले जिवाणू स्वतःचं विकर घेऊन तुमच्या पोटात उतरतात आणि उरलेली साखर तिथे तोडायला मदत करतात. म्हणून दुधाला रडणारा माणूस सिंहगडावर दह्याची दोन-दोन मडकी चापून खाली उतरतो आणि त्याला काही होत नाही.

ताक त्याहून हलकं, कारण निम्म्याहून जास्त पाणी. मात्र महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं ताक मिळतं ना, ते तापवलेलं असतं, त्यात जिवाणू जिवंत नसतात. कढीचंही तेच, उकळली की मदतनीस गेले. तरी कढी बहुतेकांना चालते, पातळ असते म्हणून. एखाद्याला ताक चालतं आणि कढी नाही, असं झालं तर घाबरू नका, एक कारण हे आणि दुसरं तिला लावलेलं डाळीचं पीठ.

चक्का टांगला की खाली जे हिरवट-पिवळं पाणी गळतं, त्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. त्यामुळे श्रीखंड हे बासुंदीपेक्षा पोटाला कितीतरी सोपं. पनीरचंही तसंच, निवळीबरोबर साखर बरीचशी बाहेर. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. ‘दूध पचत नाही म्हणून वरणावर तूप नको’ म्हणणाऱ्याला मी जेवायला बसवून समोर वाढते. मुरवलेल्या कडक चीजमध्येही फारसं उरत नाही.

उलट बाजूला आटवलेलं सगळं. आटताना पाणी उडतं, साखर तिथेच राहते. तीन वाट्या दूध आटवून एक वाटी बासुंदी केली तर त्या वाटीत तिन्ही वाट्यांचं लॅक्टोज, वीस ग्रॅमच्या घरात. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध होतं, रात्री बारा वाजता, पोट रिकामं, आणि पेला भरून. दुसऱ्या दिवशी माझ्या मेसला निम्मी हजेरी. आता मी कोजागरीला आधी भेळ खायला लावते आणि दूध छोट्या कपात देते. मावा म्हणजे आटवण्याचं शेवटचं टोक. एक पेढा कुणाला मारत नाही, पण निकालाच्या दिवशी चौघांकडून चार पेढे खाल्ले तर हिशोब वाढतो. मस्तानीत दूधही आणि वर आइस्क्रीमचा गोळाही, म्हणजे दोन्हीकडून. उन्हाळ्यात आवरत नसेल तर जेवण झाल्यावर आणि दोघांत एक.

चौथी तपासणी: म्हैस, गाय, शेळी (खर्च सुरू)

सगळे सुरुवात करतात तिथे मी आता आले.

लॅक्टोजच्या बाबतीत म्हैस आणि गाय यांत नाव घेण्याजोगा फरक नाही. दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपास. शेळीचं किंचित कमी, चार-साडेचार, पण ज्याला पेलाभर गायीचं बाधतं त्याला पेलाभर शेळीचंही बहुधा बाधेल. पिशवी चितळ्यांची असो, कात्रजची असो की गोकुळची, साखर तेवढीच. दूध उकळून ती जात नाही. पाणी घातल्याने फक्त पेल्यातलं दूध कमी होतं. तेवढाच फायदा, आणि तो अर्धा पेला पिऊनही मिळतो.

मग गायीचं ‘हलकं’ का वाटतं? फॅटमुळे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के, गायीच्या साडेतीन-चार. जास्त फॅटने पोट सावकाश रिकामं होतं, जड वाटतं, ढेकरा येतात. तो त्रास वेगळा, गुरगुर-जुलाबाचा वेगळा. यासाठी पैसे घालवण्याआधी एक करा. आहे तेच म्हशीचं दूध तापवून गार करा, वरची जाड साय काढा आणि तेवढंच प्या. जडपणा गेला तर तुमची तक्रार फॅटची होती. पिशवी घेणार असाल तर टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये दीड, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, फुल क्रीममध्ये ६. लॅक्टोज सगळ्यांत जवळपास सारखंच. आणि तूप-साय-तळणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल तर दुधाची चर्चा थांबवून पित्ताशयाची सोनोग्राफी करा.

आता ए-टू, म्हणजे महागड्या दुधाच्या बाटलीवर पोटाला सोपं म्हणून मिरवतात ते. दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाची साखळी २०९ अमिनो आम्लांची. तिच्या ६७व्या जागेवर एका प्रकारात प्रोलीन असतं, तो ए-टू, आणि दुसऱ्यात हिस्टिडीन, तो ए-वन. फरक एवढ्या एका मण्याचा, आणि तो प्रथिनातला आहे, साखरेतला नाही. काही लहान अभ्यासांत काहींना ए-टू दुधाने फुगारा कमी वाटला, हे खरं. पण लॅक्टोज त्यातही पूर्ण. बाटलीवरच्या या दाव्यांवरून सरकारी गोंधळही झाला: अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला ‘ए-वन, ए-टू असं लिहू नका’ म्हणून आदेश काढला आणि पाच दिवसांत मागे घेतला. लिटरला शंभराच्या वर मोजून असं दूध लावून माझ्याकडे आलेल्यांना मी एवढंच सांगते की म्हशीच्या दुधातलं बीटा-केसीनसुद्धा ए-टूच असतं. गल्लीतल्या डेअरीत ते आधीपासून आहे.

पाचवी तपासणी: लॅक्टोज-फ्री दूध आणि गोळी

पाचवी म्हणते, पण ज्यांना झटपट निकाल हवा त्यांच्यासाठी ही सगळ्यात स्वच्छ परीक्षा. लॅक्टोज-फ्री दूध हे गायी-म्हशीचंच खरं दूध असतं, फक्त कारखान्यातच त्यात लॅक्टेज घालून साखर तोडलेली असते. अमूलचं मिळतं, इतरांचंही मिळतं. म्हणून तीन-चार दिवस एरवी पिता तेवढंच, त्याच वेळी, तसंच उपाशीपोटी हे दूध प्या आणि बाकी सगळा दुधाचा पदार्थ बंद ठेवा. पोट शांत राहिलं तर दोष लॅक्टोजचाच. तसंच बिघडलं तर लॅक्टोज निर्दोष सुटलं, आता दुसरीकडे शोधा.

हे दूध जरा गोडसर लागतं, साखर न घालता. तुटलेले तुकडे अख्ख्या लॅक्टोजपेक्षा गोड असतात, एवढंच. मधुमेहींनी ते ‘बिनसाखरेचं’ समजू नये, एकूण साखर तेवढीच आहे. खीर केली तर लवकर तांबूस होते, आच मंद ठेवा. ॲलर्जीवाल्यांना मात्र याचा उपयोग नाही, प्रथिनं सगळी जागच्या जागी.

लॅक्टेजच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. लग्नाच्या पंगतीत किंवा मस्तानीच्या दुकानात उपयोगी. पहिल्या घासाबरोबर घ्यायची. बासुंदी संपवून, पोट फुगल्यावर घेतली तर पैसे वाया. प्रत्येकाला सारखा गुण येत नाही, यजमानांना अर्ध्या वेळाच येतो. त्यांचा हिशोब बासुंदीच्या वाट्या मोजण्यात चुकतो असं माझं मत आहे.

सहावी तपासणी: बिनजनावरांचं दूध (सगळ्यात महाग)

सोया, बदाम, ओट्स, नारळ. यांत लॅक्टोज नाही. पण पोट शांत राहीलच याची हमी नाही. सोयाबीन शेवटी कडधान्यच. त्यात वायू करणाऱ्या साखरा असतात, काहींना त्यानेच फुगारा येतो. घरी काढणार असाल तर रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेका, वाटून फडक्यातून घट्ट गाळा आणि नीट उकळा. खोक्यातल्या दुधांत घट्टपणासाठी गोंद, कधी इन्युलिन नावाचा न पचणारा तंतू घातलेला असतो, तेही काहींना सोसत नाही. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा, पुढच्या बाजूची बदामं मोजू नका.

प्रथिनांत फक्त सोया गायीच्या दुधाच्या जवळ जातं, १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम. बदामाच्या खोक्यात बहुधा एक ग्रॅमही नसतं. त्या पैशांत मूठभर बदाम चावून खाल्लेले बरे.

नारळाचं दूध मात्र मला पटतं, कारण ते आपल्याकडे आधीपासून जेवणात आहे. कोकणातल्या माणसाला सोलकढी आणि गूळ घातलेल्या नारळाच्या दुधातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) यांची ओळख करून द्यावी लागत नाही. सणाच्या दिवशी मेसमध्ये खीर करते तेव्हा एक छोटं पातेलं नारळाच्या दुधाचं वेगळं असतं. संपतं आधी तेच. प्यायचं दूध म्हणून मात्र ते नव्हे, फॅट भरपूर.

आणि दूध खरंच कमी करणार असाल तर दोन गोष्टींचा बंदोबस्त करा. कॅल्शियम: मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं आणि पेलाभर गायीच्या दुधातून ३००च्या आसपास मिळतं. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, तिळात हजाराच्या वर. म्हणून माझ्याकडे आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी असते, पोरं तोंडं वाकडी करतात तरी. दही-ताक चालू ठेवलं तर निम्मी काळजी मिटते.

दुसरं ब-१२. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं, नाचणी-तिळात ते नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ मध्ये जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, आणि आपल्या भागात ब-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे त्यातून पुढे आलं. म्हणजे आधीच टंचाई, त्यात शाकाहार, त्यात दूध बंद. असं असेल तर रक्तात ब-१२ किती आहे ते तपासून घ्या.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

शौचात रक्त. न ठरवता वजन उतरतंय. ताप. रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतंय (नुसतं लॅक्टोज असं सहसा झोपेतून उठवत नाही). तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. पन्नाशीच्या पुढे हे पहिल्यांदाच सुरू झालं. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता. यांतलं एकही असेल तर माझा कुठलाही उपाय करत बसू नका, दही-ताकाचाही नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलावर यातला कुठलाच प्रयोग करायचा नाही. बाळाचं दूध बदलणं, बदामाचं-सोयाचं खोकं देणं हे बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. ‘शेळीचं दूध हलकं’ म्हणून ॲलर्जीच्या बाळाला ते देणं तर धोक्याचंच, दोन्ही दुधांतली प्रथिनं सारखीच वाटतात शरीराला.

एक प्रकार मधला आहे. पावसाळ्यात बाहेरचं काहीतरी खाऊन जोरात जुलाब झाले, ते बरे झाले आणि त्यानंतर दूध बाधायला लागलं. जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि विकर त्याच अस्तरात असतं. ते भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर ताक-भात खा, मग दुसऱ्या तपासणीपासून सुरुवात करा. दोन महिन्यांनंतरही तसंच असेल तर जिआर्डियासारखा परजीवी किंवा सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा आजार आहे का, ते डॉक्टर बघतील. तपासणी होईपर्यंत गहू आपल्या मनाने सोडू नका, सोडला की सिलिअ‍ॅकचा रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो.

आणि सहाही पायऱ्या करून उलगडत नसेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे हायड्रोजन ब्रेथ टेस्ट होते. रात्रभर उपाशी जायचं, लॅक्टोज विरघळवलेलं पाणी प्यायचं आणि दोन-तीन तास ठरावीक वेळाने यंत्रात फुंकायचं. न पचलेल्या साखरेचा हायड्रोजन फुप्फुसांतून बाहेर येतो, तो २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भाग) वाढला की लॅक्टोज पचत नाही असं धरतात. आधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, नाहीतर निकाल फसतो. जाताना कॅलेंडरचं ते लिहिलेलं पान फाडून सोबत न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. आणि त्या दिवशी घरी परतण्याची घाई ठेवा. तपासणीसाठी प्यायलेलं लॅक्टोज दोन-चार पेले दुधाएवढं असतं आणि ते बाहेर पडायला दुपारची वाट बघत नाही.